एकदम तोडायचं

आमच्या प्रयोगशाळेत एक काचेचं दार आहे. दाराच्या अलीकडे चहा चालतो, पलीकडे चालत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा माझं टेबल अलीकडे आलं होतं. टेबलावर कुणीतरी रोपट्याची कुंडी ठेवली होती आणि संगणकाच्या पडद्यावर चिठ्ठी चिकटवली होती : 'स्वागत आहे. आत येऊ नये.' अक्षर पेशीबाईंचं होतं.

पेशीबाई म्हणजे आमच्याकडच्या कर्करोगाच्या पेशी सांभाळणाऱ्या बाई. स्तनाच्या गाठींतून आलेल्या पेशी त्या बशांमध्ये वाढवतात, वेळच्या वेळी खायला घालतात, ऊब देतात, आणि मग आम्ही बनवलेलं औषध त्यांच्यावर घालून कोण मेलं, कोण जगलं ते बघतात. "मी लेकुरवाळी आहे हो," त्या म्हणायच्या, "पोरं तेवढी सगळी वाया गेलेली."

नियम साधा होता. आम्ही ज्या पिवळ्या भुकटीवर काम करत होतो ती पेशी मारते. कुणाच्या, ते ती विचारत नाही. श्वासातून किंवा कातडीतून अंगात गेली तर दुधात उतरू शकते. म्हणून जी बाई बाळाला अंगावर पाजते तिनं दाराच्या आत जायचं नाही. हा नियम झाला तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं. बैठकीत सगळ्यांत आधी हात मीच वर केला होता.

भुकटी खडकाळ उतारावर वाढणाऱ्या एका वेलीच्या मुळातून निघते. वेलीनं ती काही आपल्यासाठी बनवलेली नाही. मुळं कुरतडणाऱ्या किड्यांचा बंदोबस्त म्हणून बनवलेली. पण पेशीबाईंच्या बशीत टाकली तेव्हा बशीच्या बशी साफ झाली, आणि आम्ही सगळे त्या वेलीच्या मागे लागलो. अडचण एकच होती. त्या रेणूला निसर्गानं साखरेची एक लांबलचक शेपूट लावून ठेवली होती, आणि त्या शेपटीमुळे तो अंगभर कुठेही शिरायचा. गाठ मरायची, पण गाठीच्या आधी यकृत हात टेकायचं. तेव्हा ती शेपूट तोडायची आणि तिच्या जागी आम्ही केलेली एक छोटी टोपी बसवायची, जी गाठीच्या पेशीत गेल्यावरच उघडेल, असं ठरलं.

सांगायला सोपं आहे. शेपूट तोडल्यापासून टोपी बसेपर्यंत तो रेणू उघडाबोडका असतो. त्याला वारा सोसत नाही, उजेड सोसत नाही, वाट बघणं तर मुळीच सोसत नाही. जरा रेंगाळलं की बर्फातल्या चंबूत काळं डांबर. आम्हा रसायनवाल्यांना पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं की आम्ल घालायचं ते थेंब थेंब, जपून. इथे नेमकं उलट. थेंब थेंब घातलं की अर्धं तुटतं, अर्धं तसंच राहतं, आणि तुटलेलं अर्धं तोवर नासून जातं. सगळं आम्ल एकदम ओतायचं आणि त्याच दमात टोपी. हे माझ्या हातांना जमायचं. का जमायचं ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

मी नसताना ते काम एका नव्या मुलीकडे दिलं होतं. तिला सगळे रॉकेट म्हणायचे. चालणं, बोलणं, जेवणं, सगळं सुसाट. जिन्यात भेटली तर आधी वारा लागायचा, मग ती दिसायची. आणि हीच मुलगी त्या चंबूपुढे उभी राहिली की कासव.

"ताई, हात कापतो माझा," ती काचेच्या दाराशी येऊन म्हणायची. आत तिचा चष्मा, मुखपट्टी, दोन दोन हातमोजे. बाहेर मी चहाचा कप घेऊन.

"आयुष्यभर घाई केलीस ना? मग इथेच का गं साधुसंत झालीस?"

"ओतायला गेले की कॉलेजातल्या सरांनी पहिल्या वर्षाला दिलेल्या शिव्या आठवतात."

डांबराच्या चंबूंची रांग लागली. सर आमचे तसे मवाळ. ते कधी ओरडले नाहीत. एक दिवस खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी बसले आणि रोपट्याची पानं पुसत राहिले.

"प्राण्यांवरच्या चाचणीसाठी आपली पाळी लागलीय," ते म्हणाले. "भुकटी वेळेत तयार झाली नाही तर पाळी दुसऱ्या गटाला जाईल. मग आपलं कधी, कुणास ठाऊक. वरचे लोक कदाचित म्हणतील, बंदच करा."

"रॉकेटला जमेल, सर."

"जमेल. वेळेत जमेल का, एवढंच." मग पानाकडेच बघत म्हणाले, "मी तुम्हाला काही विचारत नाहीये हं. विचारण्याचा मला अधिकार नाही. तुमचं तुम्ही बघा."

न विचारता विचारणं कुणी सरांकडून शिकावं.

घरी माझी आई होती आणि मुंगी होती. नवरा पुलांच्या कामावर, आठवड्याच्या शेवटी घरी यायचा. मुंगी म्हणजे माझी लेक. दुधाचा वास लागला की जिथे असेल तिथून वाट काढत बरोबर माझ्या मांडीपाशी यायची, म्हणून मुंगी. नुकती रांगायला लागली होती. मी कामावरून आले की चपला काढायच्या आत पायाला चिकटायची. पिताना तिचा एक पाय सारखा हवेत हलायचा, जसं काही कुणाला ताल देतेय.

मी कामावर असताना तिच्यासाठी दूध काढून ठेवायचे. त्यासाठी मला जुन्या यंत्रांची खोली दिली होती. बंद पडलेल्या यंत्रांच्या मधोमध बसून दूध काढायचं आणि बाटली चहाच्या फ्रिजमध्ये ठेवायची. बाटलीवर पेशीबाईंनी कागद डकवला : 'कृपया पिऊ नये. मालकीण रांगत असते.'

त्या संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती मुंगीला भरवत होती, म्हणजे चमचा आईच्या हातात होता आणि भात सगळीकडे होता.

"म्हणजे तू पाजतेस तोवर आत जाता येणार नाही?"

"नाही."

"आणि दुसऱ्या कुणाला जमत नाही?"

"अजून तरी नाही."

आईनं चमचा ताटलीत ठेवला. बऱ्याच वर्षांपूर्वी स्तनाच्या गाठीमुळे आईची डावी बाजू काढून टाकलीय. तेव्हा तिला जे औषध दिलं ते एका झाडाच्या सालीपासून आलेलं होतं. हे मी तिला सांगितल्यापासून तिची झाडांशी सोयरीक झाली. रस्त्यातून जाताना कुठल्याही झाडाच्या बुंध्याला हात लावून पुढे जायची. "तुमच्यातल्याच कुणीतरी वाचवलंय मला," असं म्हणायची, आणि मी लाजून इकडेतिकडे बघायचे. पण ते औषध जिथे सुईनं चढवायचे त्या खोलीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसायची. आई तिला 'शेजारीण' म्हणायची, जसं काही दोघी एकाच मजल्यावर राहतात. दोघी नर्सच्या नकला करायच्या, टकलावर कुणाची टोपी जास्त शोभते यावरून भांडायच्या. शेजारणीची गाठ औषधाला दाद देत होती. यकृतानं साथ दिली नाही. एक दिवस खुर्ची रिकामी होती, आणि दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी कुणीतरी बसली.

"शेजारीण असती," आई मुंगीच्या गालावरचं शीत काढत म्हणाली, "तर तुझ्या त्या टोपीवाल्या औषधावर कसली हसली असती. म्हणाली असती, आमच्या डोक्यावर टोपी, औषधाच्या डोक्यावरही टोपी."

एवढंच बोलली. मला वाटलं, विषय संपला.

मी दोन दिवस विचार केला. खरं सांगायचं तर विचार असा काही नव्हता. मुंगी अंगावर आली की ठरायचं की नाही, नाही, काही झालं तरी नाही. आणि काचेच्या दारापाशी उभी राहिले की हात शिवशिवायचे. शेवटी एक दिवस तिला पाजता पाजता पक्कं केलं. पाजणं सोडायचं नाही. रॉकेटला मी बाहेरून शिकवीन. फोनवर, काचेतून, जसं जमेल तसं. तिला जमेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. पाळी गेली तर गेली.

हे मी आईला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? काही कारण नाही. सांगण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नाही. जे चाललंय तेच चालू राहणार होतं, त्यात काय सांगायचं!

सुट्टीच्या दिवशी सकाळी रॉकेटचा फोन आला. मी ओट्यापाशी भांडी विसळत होते. खांद्यावर फोन, त्यावर कललेला कान. नवरा त्या आठवड्यात कामावरच अडकला होता. आई बाहेरच्या खोलीत मुंगीला मांडीवर घेऊन बसली होती. रॉकेट रडकुंडीला आलेली. उद्या पुन्हा करून बघायचं होतं. मी तिला म्हटलं ते मला आजही शब्द न् शब्द आठवतं. नंतर आठवावंच लागलं.

"अगं, किती दिवस अशी थांबणार आहेस? आता तोडायचं म्हणजे तोडायचं... नाही नाही, हळूहळू नाही. हळूहळू करायला गेलीस की अर्धं इकडे, अर्धं तिकडे, आणि सगळ्याचीच नासाडी. एकदम तोडायचं. जीव घट्ट करायचा आणि एकदम... हो गं, वाईट वाटतंच. मला नाही वाटत का? पण एकदा तोडलं ना, की मागे बघायचं नाही. आणि तोडल्यावर लगेच दुसरं द्यायचं. मध्ये रिकामं ठेवलं की संपलं... छे, माझ्या हातून आता ते होणार नाही. मी कितीही ठरवलं तरी माझ्यानं ते व्हायचं नाही. दुसऱ्या कुणीतरीच करायला हवं. म्हणून तर तुझ्याजवळ बोलतेय... हं. मी काही विचारणार नाही, बघायलाही येणार नाही. तू करून टाक. झालं की मला कळेलच."

फोन ठेवला. बाहेर आले तर आई माझ्याकडे बघत होती. एवढ्या मायेनं बघत होती की मी म्हटलं, "काय गं?"

"काही नाही," आई म्हणाली. "तू तुझं काम कर. इकडचं मी बघते."

त्यानंतर आईनं मुंगीला रात्री आपल्याकडे झोपवायला सुरुवात केली. "तुझे डोळे बघ कसे ओढलेत. झोप नीट. मी घेते हिला," म्हणाली. मी एवढी दमलेली असायचे की तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. सकाळी मी उठेपर्यंत मुंगीचं तोंड धुऊन, खाणं होऊन ती खेळत असायची. संध्याकाळी मी दार उघडायचे तेव्हा मुंगी आईच्या खांद्यावर पेंगत असायची. मी काढून आणलेल्या दुधाच्या बाटल्या रोज रिकाम्या, धुतलेल्या, पालथ्या घातलेल्या.

मुंगी अंगावर घेतली की तोंड फिरवायला लागली. आधी वाटलं पोट भरलंय. मग वाटलं दात येतायत. मग वाटलं सर्दी. मी तिला अंधारात घेऊन बसायचे, गाणं म्हणायचे, अंगठ्यानं गाल थोपटायचे. ती माझ्याकडे बघून हसायची, मग कमानीसारखी मागे वाकायची आणि हात आईकडे पसरायची. आई दारात उभी असायची. तिचे डोळे भरलेले. मला वाटलं, माझ्यासाठी.

"काही मुलं आपणहून सोडतात," पेशीबाई म्हणाल्या. "माझ्या भाचीनं सोडलं होतं. एके दिवशी बघितलं आणि म्हणाली, नको."

"बोलायला लागली होती?"

"नाही हो. तोंडावरून कळतं ना."

मी ते मान्य केलं. फार पटकन मान्य केलं. कुणाला विचारलं नाही, डॉक्टरांकडे गेले नाही, आईला 'दिवसभर ही काय काय खाते गं' असं साधं विचारलं नाही. मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी खुर्चीतून उठून उभं राहिलं होतं. मी नाही तोडलं, तिनंच सोडलं. आता मी आत जाऊ शकते. हे मला हवं तसंच घडत होतं, आणि हवं तसं घडत असलं की माणूस खोदून विचारत नाही.

दूध आटायला वेळ लागला. छाती दगडासारखी व्हायची. मी जुन्या यंत्रांच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहायचे. मग तेही थांबलं. मी सरांना सांगितलं, "आत येऊ शकते." सर म्हणाले, "बाळ ठीक आहे ना?" मी म्हटलं, "एकदम." त्यांनी माझ्यासाठी नवा चष्मा मागवून ठेवला होता. कधीपासून ठेवला होता, विचारलं नाही.

पहिल्या दिवशी रॉकेट माझ्या शेजारी उभी राहिली. बर्फात चंबू, चंबूत पिवळा द्राव. मी आम्ल एकदम ओतलं. द्राव क्षणभर एवढा लख्ख झाला की रॉकेटच्या चष्म्यात पिवळं दिसलं. लगेच टोपी. मग आम्ही दोघी श्वास धरून बघत राहिलो. काळं झालं नाही. थोड्या वेळानं चंबूच्या तळाशी बारीक पिवळे स्फटिक बसायला लागले, जसं कुणी वरून पीठ चाळतंय.

"ताई," रॉकेट म्हणाली, "तुमच्या हातात काहीतरी आहे."

मी हसले. हात माझे खरंच हलके वाटत होते. एवढे दिवस त्यांत सतत कुणीतरी असायचं.

भुकटी वेळेत गेली. पाळी चुकली नाही. मग वाट बघण्याचे महिने. त्या महिन्यांत मुंगी उभी राहिली, चालली, पडली, पुन्हा चालली, आणि 'दे' हा पहिला शब्द बोलली. बाटलीवर ती टुणटुणीत झाली होती. वाईट कुणाचंच झालं नाही. हे मी स्वतःला मुद्दाम सांगते, कारण ते खरं आहे.

निकाल आला त्या दिवशी पेशीबाई काचेच्या दाराबाहेर चहाच्या टेबलावर चक्क नाचल्या. म्हणजे टेबलाजवळ. उंदरांची यकृतं धडधाकट होती. गाठी आकसल्या होत्या, सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या. माणसापर्यंत पोचायला अजून खूप वाट आहे आणि वाटेत बहुतेक औषधं गळतात, हे सर दोनदा म्हणाले, पण म्हणताना त्यांचा आवाज साथ देत नव्हता. रॉकेटनं सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि अर्धी स्वतःच खाल्ली.

मी लवकर घरी गेले. आई जमिनीवर बसली होती आणि मुंगी तिच्याभोवती डबे मांडत होती. मी दारातूनच सांगितलं, "आई, यकृत शाबूत!"

आईला लगेच कळलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग मला जवळ ओढलं, माझं डोकं आपल्या सपाट बाजूवर दाबून धरलं, आणि म्हणाली, "बघ. पोरीचं तोडलं त्याचं चीज झालं."

मी डोकं वर केलं. "काय तोडलं?"

"दूध गं. मुंगीचं."

"तिनं आपणहून सोडलं ना."

आई हसली. अगदी समजूतदारपणे हसली. "हो बाई, आपणहून. आता इतक्या महिन्यांनी तरी माझ्यापाशी कशाला लपवतेस? तुझ्यानं होणार नाही म्हणालीस, दुसऱ्या कुणीतरी करायला हवं म्हणालीस, म्हणून तिला वरच्या दुधावर आणायचा वाईटपणा मी घेतला. मला काय, आजीवर कोण किती दिवस रुसतं!"

"मी कधी म्हणाले?"

"फोनवर. भांडी घासत होतीस. मैत्रिणीशी बोलत होतीस ना? एकदम तोडायचं, हळूहळू करायचं नाही, लगेच दुसरं द्यायचं. मी विचारणार नाही, बघणार नाही, कुणीतरी करून टाका. मी म्हटलं, एवढी माझी पोर, एवढं दुसऱ्या बायकांचं जिवाला लावून घेतलंय, आणि सांगायचं कुणाला तर फोनला. शेजारणीची शपथ, त्या दिवशी मी ठरवलं."

मला आधी हसू आलं. खरंच आलं. एवढं आलं की मी खाली बसले. आई पण हसायला लागली, का ते न कळता.

"आई," मी म्हटलं, "ती रॉकेट होती. मी शेपटीचं सांगत होते. औषधाची शेपूट."

आईचं हसू थोडा वेळ तिच्या तोंडावर तसंच राहिलं, लोक निघून गेल्यावर दिवा राहतो तसं.

"शेपटीचं?"

"हो."

"आणि मुंगीचं?"

"मुंगीचं मी ठरवलं होतं. सोडायचं नाही म्हणून. म्हणून तर तिला फोनवर शिकवत होते."

मुंगीनं एका डब्यावर दुसरा डबा आपटला. आई त्या आवाजानं दचकली.

"आणि ते दूध?" मी विचारलं. "मी रोज आणायचे ते?"

"मला वाटलं छाती ठणकते म्हणून काढतेस. तोडताना काढावंच लागतं थोडं थोडं." आईनं खिडकीकडे बघितलं. "मोरीत ओतवेना. कुंड्यांना घातलं."

मला राग आला. तो कुठून आला कळलं नाही, पण आला. "मला एकदा विचारायचंस तरी! एक शब्द! 'अगं, तोडू का?' एवढंच!"

"तू म्हणालीस, मी विचारणार नाही, बघणार नाही. मग मी कशी विचारू?" आईचाही आवाज चढला. "आणि तू? तू तरी विचारलंस का मला? पोर तोंड फिरवते, पाठीची कमान करते, रोज बघत होतीस. एकदा तरी म्हणालीस, आई, ही असं का करते?"

मी नजर डब्यांकडे वळवली. आईलाही ते दिसलं, आणि ती लगेच विझली.

"मला वाटलं, तुला हवंय," ती म्हणाली.

"मला वाटलं, तिला नकोय."

आईनं मुंगीला उचललं आणि काही न बोलता माझ्या मांडीत ठेवलं. "घेऊन तर बघ," म्हणाली. "येतं कधी कधी परत. माझ्या मावशीला आलं होतं."

मला माहीत होतं की काही येणार नाही. तरी मी बटण काढलं. मुंगीनं माझ्याकडे बघितलं, मग बटणाकडे. बटण तिला फार आवडलं. ते तिनं दोन बोटांत धरून ओढलं, चाखलं, मग माझ्या छातीवर तळहातानं दोनदा थापटलं, दारावर थापटतात तसं, आणि मांडीवरून घसरून आपल्या डब्यांकडे गेली. तिला तिथे काम होतं.

मी बटण लावलं. आई भिंतीला टेकून बसली होती, गुडघे जवळ घेऊन, लहान मुलीसारखी. किती तरी वेळ आम्ही दोघी डबे बघत राहिलो. माझ्या औषधानं कधीतरी कुणाची तरी शेजारीण वाचेल. वाचू दे. त्या दिवशीही मला ते मनापासून हवं होतं. पण दुसरंही हवं होतं, आणि ते आता कुठून आणायचं?

मी मनात शोधत होते. शेवटचं कधी पाजलं मी तिला? त्या फोननंतर लगेच असणार. संध्याकाळी? सकाळी? काहीच आठवेना. शेवटचं आहे हे मला माहीतच नव्हतं, मग मी लक्षात तरी कशाला ठेवीन!

"आई, तुला आठवतं?" मी म्हटलं. "शेवटची कधी प्यायली ती?"

आईनं मुंगीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला माहितीये. मी ठरवलं होतं ना. म्हणून मी दारात उभी राहून बघून घेतलं."

"सांग ना."

"काय सांगू गं?"

"सगळं सांग."

"फोननंतरची सकाळ. तुझी निघायची वेळ झाली होती. तू पलंगाच्या कडेला बसली होतीस, एक चप्पल पायात, एक नाही. तिनं ते निळं झबलं घातलं होतं, नंतर लहान झालं ते. पाय हलवत होती. मग पाय हलायचा थांबला, म्हणजे पोट भरलं, तरी ती तशीच राहिली, तोंडात धरून, नुसती. उन्हाची एक तिरीप तिच्या कानावर आली होती, कान लाल दिसत होता. मी म्हटलं, राहू दे थोडी. आत येऊन तुला उशीर होतोय असं सांगणार होते, नाही सांगितलं."

"आणि मी? मी काय करत होते?"

आईनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसांत मी सकाळी पाजताना काय करायचे ते मला पक्कं माहीत होतं. सकाळी रॉकेटचे निरोप आलेले असायचे. एका हातात मुंगी, एका हातात फोन, आणि डोळे फोनमध्ये.

"तू?" आई म्हणाली. "तू तिच्याकडेच बघत होतीस."